डोळ्यांआधीचा चेहरा

सकाळी साडेसहा

रात्री डोळे बसवलेलं अस्वल त्याच रात्री पूर्ण झालं असं मी कधी धरत नाही. ट्यूबलाइटखाली मोहेरची लव सपाट दिसते आणि थकलेल्या नजरेला सगळेच चेहरे आवडतात. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीत ते आरशासमोर धरायचं आणि आरशातला चेहरा बघायचा. तासन् तास हातात असलेल्या चेहऱ्यातला तिरपेपणा नजरेच्या सवयीचा होऊन जातो. डावं-उजवं उलटलं की तो लगेच उघडा पडतो. आजचं अस्वल मधाच्या रंगाचं, पस्तीस सेंटिमीटर उंचीचं. डोळे एका पातळीत आहेत. डावा कान किंचित मागे गेलाय, पण कान अजून टाचण्यांवरच आहेत, त्यामुळे सरकवायला वेळ लागत नाही. कान शेवटी शिवायचे ते याचसाठी.

सात

घर जागं होण्याआधीचा हा दीड तास कापड बेतण्याचा. या कामात मधे कुणी हाक मारलेली चालत नाही.

मोहेर म्हणजे अंगोरा शेळीची लोकर. जगात ती सगळ्यात जास्त दक्षिण आफ्रिकेत होते, आणि टेडीसाठी लागणारं प्लश विणणाऱ्या चांगल्या गिरण्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहरातली शुल्टे गिरणी त्यांतली सर्वांत नावाजलेली. सुती पाठीवर लोकरीची लव उभी विणलेली असते. पुण्यात पोचेपर्यंत हे कापड इतकं महाग पडतं की एक वीतभर तुकडाही फुकट घालवता येत नाही.

माझे फर्मे पुठ्ठ्याचे आहेत. प्रत्येकावर एक बाण काढलेला असतो, लव कोणत्या दिशेला झोपते ते दाखवणारा. कापड पालथं घालून पाठीवर फर्मे मांडायचे आणि सगळे बाण जुळवायचे. हात डोक्यावरून नाकाकडे फिरवला तर लव उभी राहावी आणि पाठीवरून खाली फिरवला तर मांजराच्या अंगावरून फिरल्यासारखी बसावी, हे इथेच ठरतं. डाव्या कुशीचा फर्मा आखून झाला की उजव्यासाठी तोच उलटा ठेवायचा. मग भोवती पाच मिलिमीटर माया सोडायची. कापताना कात्रीचं फक्त टोक वापरायचं आणि तेही पाठीला चिकटून, लवेच्या खालून सरकवत. सुती पाठ कापली जाते आणि लव शाबूत राहते. साडीच्या कापडावर चालवतात तशी कात्री सरसर चालवली तर शिवणीपाशी लव आखूड पडते. मग तिथे रेघ दिसते आणि अस्वल शिवलेलं आहे हे लांबूनच कळतं.

कापड वाचवण्याच्या या खटपटीतून एक सुंदर गोष्ट जन्माला आली आहे. जर्मनीतल्या गिंगेन गावातल्या श्टाइफ कंपनीत एका लांबीच्या कापडातून सहा अस्वलांच्या डोक्याच्या पट्ट्या अखंड निघत. सातवीला कापड पुरत नसे, म्हणून ती दोन तुकडे मध्ये जोडून करत. त्यामुळे संग्राहक सांगतात त्याप्रमाणे दर सातव्या अस्वलाच्या कपाळावर नाकापर्यंत एक उभी शिवण असे. आज तीच शिवण असलेल्या जुन्या अस्वलांना जास्त मोल आहे. मला त्यात मोलापेक्षा वेगळंच काही दिसतं. मधोमध जोड आला की कपाळाला एक हलकीशी कड येते, नजर तिथून नाकाकडे उतरते आणि चेहरा विचारात पडल्यासारखा वाटतो. काटकसर म्हणून केलेल्या जोडाने चेहऱ्याचा भाव बदलला. मी काही अस्वलांना ही शिवण मुद्दाम घालते.

साडेआठ

डबे, आंघोळ, देवपूजा, कपडे वाळत. बाहेर आषाढाचा पाऊस आहे, म्हणून कपडे आतच.

सव्वानऊ

शेजारच्या काकू येतात. त्यांनी आयुष्यभर ब्लाउज शिवले, आणि त्यांच्यासारखी हातटीप मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही. धड, हात, पाय आम्ही मशीनवर शिवतो. डोकं मात्र काकू हाताने शिवतात. मोहेर मशीनच्या पायाखालून सरकतं, विशेषतः नाकाच्या वळणावर, आणि तिथे एक मिलिमीटर सरकलं तर थोबाड वाकडं होतं. म्हणून आधी दोऱ्याने कच्चं घालायचं, लव सुईच्या टोकाने आत ढकलायची, आणि मग दोन मिलिमीटरचे पक्के टाके.

डोकं तीन तुकड्यांचं असतं: दोन बाजूचे गाल आणि मधली पट्टी. ही पट्टी नाकाच्या टोकापासून सुरू होते, कपाळावर रुंदावते आणि मानेपर्यंत जाऊन निमुळती होते. टेडी करायला शिकणारे बहुतेक जण डोळ्यांवर, नाकावर, रिबिनीवर मेहनत घेतात. माझ्या मते चेहऱ्यातलं निम्म्याहून जास्त काम या पट्टीत होऊन गेलेलं असतं. पट्टी नाकाच्या पुलापाशी अरुंद केली तर थोबाड बारीक होऊन पुढे येतं आणि अस्वल जरा वयस्क, शहाणं दिसतं. डोळ्यांच्या पातळीवर रुंद केली तर डोळे आपोआप लांब जातात, कारण डोळे शक्यतो पट्टीच्या शिवणीवरच बसतात. गाल फुगतात आणि अस्वल पिल्लू होतं. मागे टाळूवर रुंद केली तर डोकं जड होऊन मान खाली गेल्यासारखी दिसते. हे सगळं दोन-तीन मिलिमीटरच्या खेळात घडतं, आणि पुठ्ठ्याकडे बघून ते कळत नाही.

"अगं, हे तर कालच्यासारखंच दिसतंय," काकू नवी पट्टी हातात घेऊन म्हणतात.

"काकू, पुलावर बघा. दोन्हीकडून एकेक मिलिमीटर कमी केलंय."

त्या पट्टी उजेडात धरतात, जुन्या पट्टीवर ठेवतात आणि मान डोलावतात. ब्लाउजच्या बाहीत एवढाच फरक केला की बाई हात वर करू शकते की नाही हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना मिलिमीटर समजावून सांगावा लागत नाही.

साडेदहा

नवा फर्मा थेट मोहेरवर मी कधीच घालत नाही. आधी मांजरपाटाचं डोकं करायचं. मांजरपाट स्वस्त आहे, त्याला लव नाही, त्यामुळे आकार उघडा दिसतो. वळण कुठे खटकतं, कपाळ कुठे सपाट झालं, सगळं कळतं. मोहेरची लव दोष झाकते आणि भरल्यावर तो भलत्याच ठिकाणी वर येतो. मांजरपाटाचं डोकं शिवून ते कापसाने घट्ट भरते आणि डोळ्यांच्या जागी काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचते.

खिडकीच्या कट्ट्यावर अशी डोकी रांगेने आहेत. प्रत्येकाच्या मानेवर पेनने लिहिलेलं आहे, कोणत्या फर्म्यापासून काय बदललं. नियम एकच: एका डोक्यात एकच बदल. पट्टी आणि गाल एकदम बदलले आणि चेहरा चांगला झाला, तर तो कशाने झाला हे कळत नाही; मग पुढच्या वेळी तो पुन्हा आणता येत नाही. पंचवीस सेंटिमीटरचं अस्वल मोठं करायचं म्हणून फर्म्याची झेरॉक्स मोठी काढली, तर तेही चालत नाही. लवेची लांबी मोठी होत नसते, शिवणीची माया मोठी होत नसते, त्यामुळे मोठ्या अस्वलाचा चेहरा कोरा पडतो. प्रत्येक आकाराला स्वतःचं मांजरपाट लागतं.

टेडीचा चेहरा वर्षानुवर्षं कसा बदलत गेला याचा खरोखरचा अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट हाइंड आणि एल. ए. बार्डन यांनी केंब्रिजमधल्या एका प्रदर्शनातली अस्वलं मापली आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: काळाबरोबर कपाळ मोठं होत गेलं, थोबाड आखूड होत गेलं. कोनराड लोरेंत्स यांनी १९४३ मध्ये बाळाच्या चेहऱ्याची जी लक्षणं मांडली होती, मोठं कपाळ, खाली बसलेले डोळे, भरलेले गाल, त्या दिशेनेच टेडी सरकत गेला. पुढे १९९५ च्या एका अभ्यासात मुलांनाच निवडायला दिलं, तेव्हा सहा आणि आठ वर्षांच्या मुलांनी बाळचेहऱ्याची अस्वलं पसंत केली, पण चार वर्षांच्यांचा तसा कल दिसला नाही. म्हणजे अस्वलाला बाळ बनवण्याची ओढ मुख्यतः विकत घेणाऱ्या मोठ्यांची. गिऱ्हाईक "डोळे अजून मोठे करा ना" म्हणतं तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. मी डोळे मोठे करत नाही. पट्टी रुंद करते, डोळे थोडे खाली आणते, आणि तेवढ्याने काम होतं.

ही ओढ टेडीच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपासूनची आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात मिसिसिपीत शिकारीला गेलेल्या अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी झाडाला बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये त्यावर व्यंगचित्र काढलं. पहिल्या चित्रातलं अस्वल बऱ्यापैकी मोठं होतं. पुढे बेरीमन यांनीच ते लहान, भेदरलेलं पिल्लू करून टाकलं. ब्रुकलिनमध्ये मॉरिस आणि रोझ मिचटॉम यांनी कापडाचं अस्वल शिवून दुकानात ठेवलं ते त्याच बातमीनंतर. माप बदललं आणि त्याबरोबर माणसाची अस्वलाकडे बघण्याची नजर बदलली.

साडेबारा

रविवार पेठ, बोहरी आळी. कॉटर पिना संपल्या आहेत. पावसात रिक्षा मिळत नाही, चालत जाते. पिन हातात घेऊन वाकवून बघते. जी एकदा वाकवल्यावर परत सहज सरळ होते ती घेत नाही.

दीड

जेवण. वरण-भात, पडवळाची भाजी. काकूंचा डबा आणि माझा डबा एकत्र.

दोन

दुपार सांधे आणि भरणीची. याच कामात अस्वलाचं अंग घडतं.

सांध्यांचा विषय निघाला की मला रिशार्ड श्टाइफ आठवतो, मार्गारेटे श्टाइफ यांचा भाचा. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून शिवणकाम करणाऱ्या, आणि १८८० मध्ये टाचण्या टोचायची उशी म्हणून फेल्टचा छोटा हत्ती करणाऱ्या या बाईंनी खेळण्यांचा कारखाना उभा केला. रिशार्ड श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वलांची रेखाटनं करत असे. १९०२ मध्ये त्याने केलेल्या अस्वलाचं नाव होतं '५५ पीबी': ५५ सेंटिमीटर, प्लशचं, अवयव हलणारं. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत अमेरिकेच्या एका खरेदीदाराने तीन हजारांची मागणी नोंदवली, असं कंपनीचा इतिहास सांगतो. हातपाय आधी दोऱ्याने जोडलेले होते. दोरा सैल होतो. मग धातूच्या सळ्या आल्या, आणि १९०५ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या चकत्या. त्या चकतीच्या सांध्यावर आजही हाताने टेडी करणारे काम करतात. १९०७ साली त्या कारखान्यातून ९,७४,००० अस्वलं बाहेर पडली. तीन-चार वर्षांच्या सुधारणा, आणि तीन वेगवेगळे सांधे! चेहऱ्याइतकाच सांध्यावर जीव टाकणारा माणूस मला गुरुस्थानी आहे.

माझा सांधा असा. हाताच्या आत हार्डबोर्डची चकती, तिच्यातून कॉटर पिन. पिनेचे दोन पाय कापडातून बाहेर काढायचे, पण त्यासाठी कापड कापायचं नाही. टोच्याने धागे बाजूला सारून भोक करायचं, म्हणजे पुढे उसवत नाही. पाय धडाच्या कापडातून आत घ्यायचे, आतून दुसरी चकती, वॉशर, आणि मग नोज प्लायरने एकेक पाय बाहेरच्या बाजूला गुंडाळत वॉशरवर दाबायचा. शेवटच्या वेढ्याला पक्कड ओढून धरली की चकत्या एकमेकींना आवळतात. हात फिरवून बघायचा: तो सहज फिरला तर अजून आवळायला हवा, कारण भरल्यावर आणि वर्षभर हाताळल्यावर सांधा सैलच होत जातो. थोडा कष्टाने फिरला तर बरोबर.

भरणीला मी दोन गोष्टी वापरते. थोबाडात लाकडाचा बारीक कीस, जुन्या जर्मन अस्वलांत असतो तसा, कारण नाकाचे टाके घालताना सुईला घट्ट आधार लागतो. बाकी अंगात पॉलिस्टर फायबर आणि पोटात स्टीलच्या बारीक गोळ्यांची छोटी पिशवी, म्हणजे अस्वल मांडीवर ठेवलं की बसतं, पडत नाही. लाकडाचा कीस पावसाळ्यात दमट होतो. जून ते सप्टेंबर तो मी तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवते आणि भरण्याआधी कागदावर पसरून पंख्याखाली सुकवते. ओला कीस भरला तर पुढे तो आकसतो आणि थोबाड पोकळ वाजतं. थोबाड भरायला लहानशी चिमूट घ्यायची आणि काठीने ढकलत आधी टोक, मग गाल, मग कपाळ. मोठा गोळा ढकलला तर कडेला खळगे पडतात.

चार

नाक. खिडकीचा उजेड आता तिरपा येतो, आणि टाक्यांतला उंचसखलपणा त्याच उजेडात दिसतो. थोबाडावरची लव आधी कात्रीने उतरवते, एकदम नाही, टोकापासून मागे पातळ-पातळ करत. नाकाच्या आकाराचा फेल्टचा तुकडा चिकटवते आणि त्यावर काळ्या पर्ल कॉटनचे उभे भरीव टाके. पहिला टाका नेमका मधोमध. मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असंच शेवटपर्यंत. एका कडेपासून सुरुवात केली तर दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत दोऱ्याचा ताण बदललेला असतो आणि नाक तिरकं होतं. शेवटी वरच्या कडेवर एक आडवा टाका आणि बोटाने मेणाचा हलका हात.

मग डोळे. काचेचे, दहा मिलिमीटरचे, मागे तारेची कडी. कडी पक्कडीने दाबून चपटी करते, म्हणजे लहान भोकातून आत जाते. मेण लावलेला दुहेरी पक्का दोरा, लांब सुई, आणि सुई समोरच्या कानामागे बाहेर. दोन्ही डोळ्यांचे दोरे आत एकमेकांना छेदतात. आता ओढायचं. दोरा ओढला की डोळा कापडात बुडतो, त्याच्याभोवती खळगा तयार होतो आणि खळग्याच्या वरची कड पापणीचं काम करते. किती ओढायचं याला माप नाही. कमी ओढलं तर डोळे बाहेर आलेले, घाबरलेले. जास्त ओढलं तर रागीट. मधे एक जागा आहे जिथे अस्वल बघायला लागतं. तिथे पोचले की दोरा बोटाभोवती धरून ठेवते, काकूंना बोलावते, त्या दाराशी उभं राहून बघतात. जवळून बघणाऱ्याला ही जागा नीट कळत नाही. त्या "हां" म्हणाल्या की गाठ.

साडेपाच

एक मुलगा येतो, पिशवीत आजोबांचा करड्या रंगाचा लोकरी कोट. आजोबा गेल्या वर्षी गेले. "ताई, आईसाठी करायचंय. कोट कापायचा म्हणजे..." एवढंच म्हणून तो थांबतो.

मी कोट टेबलावर पसरते आणि त्याला दाखवते की किती कापावं लागेल: पाठ आणि एक बाही. कॉलर आणि खिसे तसेच राहतील. कोटाच्या लोकरीला लव नाही, त्यामुळे शिवणी उघड्या दिसतील आणि माझा नेहमीचा फर्मा इथे चालणार नाही. वळणं कमी करावी लागतील, डार्ट काढून टाकावे लागतील. कापड जुनं, कोपराशी विरलेलं. मागून फ्युजिंग लावल्याशिवाय भरणीचा ताण सोसणार नाही. आतल्या खिशातला रेशमी अस्तराचा तुकडा तळव्यांना घेऊ, असं मी सुचवते. त्याला ते आवडतं. कोटाचं वरचं बटण अस्वलाच्या छातीवर नको, मी सांगते, ते आईच्या हातात तसंच द्या. या कामाला घाई करत नाही. आधी मांजरपाट, मग कोटाच्या शिलाईत दुमडलेल्या मायेतून निघालेल्या पट्टीवर एक प्रयोग, मगच कात्री.

सात

लहान मुलांसाठीची अस्वलं वेगळ्या टेबलावर. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना सुरक्षेचं भारतीय मानक बंधनकारक आहे. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्या आदेशातून सूट आहे, पण सूट कागदाला असते, बाळाच्या घशाला नसते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या अस्वलाला काचेचे डोळे, गोळ्या, कॉटर पिना, काहीच नाही. डोळे दोऱ्याने भरलेले, हातपाय थेट शिवलेले. थोड्या मोठ्या मुलांसाठी मागून वॉशरने अडकणारे प्लॅस्टिकचे डोळे. असे न निघणारे डोळे वेल्समधल्या वेंडी बोस्टन यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी आणले आणि १९५४ मध्ये मशीनमध्ये धुता येणारं अस्वलही बाजारात आणलं. मी प्रत्येक डोळा पक्कडीत धरून वजनकाट्याला अडकवते आणि नऊ किलोच्या ओढीपर्यंत ताणते. संग्रहाच्या अस्वलावर 'मोठ्यांसाठी, खेळणं नव्हे' अशी चिठ्ठी आत शिवलेली असते, आणि गिऱ्हाइकाला ती दाखवल्याशिवाय अस्वल देत नाही.

नऊ

वही. आजच्या डोक्यासमोर लिहिते: पूल दोन्हीकडून एक मिलिमीटर कमी, थोबाड पुढे आलं, डोळे जवळ वाटतात, काकूंना आवडलं, मला थोडं कडक वाटतं. उद्यासाठी: पूल असाच ठेवायचा, डोळ्यांच्या पातळीवर पट्टी दीड मिलिमीटरने रुंद, कान अर्धा सेंटिमीटर खाली नको, ते परवा. मांजरपाट धुऊन इस्त्री करायचं राहिलंय. कोटासाठी करडं फ्युजिंग बघायचं, पांढरं विणीतून दिसेल.